विषय : सूट मिळण्याबाबत

आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि किस्से आमच्या घरात कसे साठतात ते मला अजून कळलेलं नाही. पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ नेऊन केलेल्या जेवणाला, आपण चार डबे घेऊन जातो, येताना सहा घेऊन येतो, आणि त्यातले आपले दोनच असतात! किश्श्यांचंही तसंच. कोणाचा किस्सा कोणाकडे आला, त्याचं मूळ झाकण कुठलं, काही पत्ता लागत नाही. पण आज सांगतेय ते सगळे एकाच तळघरातले. निम्म्यांना मी स्वतः हजर होते, आणि उरलेले इतक्यांदा ऐकलेत की हजर नव्हते असं म्हणवत नाही.

तळघर म्हणजे टिळेकरांचं बेसमेंट. गाव डब्लिन, ओहायोतलं, कोलंबसला चिकटलेलं. ऐंशीच्या दशकात तिथली मक्याची शेतं संपून घरं उगवायला लागली होती, आणि त्या घरांत आम्ही. यशवंत टिळेकर नागपूरचे. पुलांची डिझाइन्स करायचे. दर रविवारी दुपारी तीन वाजता त्यांच्या बेसमेंटमध्ये सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूचा वर्ग भरायचा. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली की माणूस अर्ज करायचा, आणि अर्ज केला की टिळेकरांकडे यायचा. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांच्या बायकोला, कुमुदला, मास्तरीणबाई म्हणायची हिंमत मात्र कोणाला झाली नाही.

मास्तर कमालीचे गंभीर. मॉक इंटरव्ह्यूला ते कोट-टाय चढवून टेबलामागे बसायचे आणि खणखणीत आवाजात "नेक्स्ट!" म्हणायचे. टेबलाखाली लेंगा असायचा, तो भाग वेगळा. मागे खराखुरा फळा होता आणि त्यावर कायमचं लिहिलेलं होतं : 'खरं उत्तर. छोटं उत्तर. मग गप्प.'

पहिलं आणि दुसरं आम्हाला जमायचं. तिसऱ्यापाशी सगळा महाराष्ट्र नापास!

*

त्या फॉर्मवर लष्कराबद्दलच्या प्रश्नांचा एक गठ्ठाच होता. अमेरिकेच्या सैन्यातून कधी पळून गेला होता का? सक्तीची भरती चुकवायला देश सोडला होता का? परकीय असल्याच्या कारणावरून लष्करी सेवेतून सूट मागितली होती का?

मास्तर हा गठ्ठा फार जपून शिकवायचे. पहिल्या दोन गोष्टी कोर्टात शाबित झाल्या तर नागरिकत्वाचं दार कायमचं बंद. तिसरीत, परकीय म्हणून सूट मागितली आणि ती मिळाली, तरी कायमचं बंद. "कायमचं म्हणजे कायमचं," ते म्हणायचे, आणि फळ्याकडे वळून उगीच कोरी जागा पुसायचे. आम्ही बहुतेक सगळे व्हिएतनामची लढाई संपल्यावर आलेलो. आम्हाला ते प्रश्न म्हणजे भरताड वाटायची.

आमचे अरविंदराव, म्हणजे माझा नवरा, तेव्हा एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. पाइपलाइनची ड्रॉइंग्ज काढायचा. इंटरव्ह्यूसाठी आम्हाला क्लीव्हलंडला जावं लागायचं. तिथल्या ऑफिसरने त्याला विचारलं, "डिड यू एव्हर लीव्ह द कंट्री टु अव्हॉइड द ड्राफ्ट?"

ड्राफ्ट म्हणजे सैन्यभरती हे याला मास्तरांनी तीन रविवार शिकवलं होतं. पण खुर्चीत बसल्यावर तीनही रविवार पुसले गेले.

"नेव्हर, सर!" अरविंद म्हणाला. "अकरा वर्षं ड्राफ्टिंग करतोय. एकदाही टाळलं नाही. इंडियाला जातानासुद्धा ड्रॉइंग्ज पुरी करून जातो!"

ऑफिसरने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मिस्टर देशमुख, तुमच्या बॉसला तुमची किंमत कळते का?"

"नो, सर," अरविंद म्हणाला.

खरं उत्तर. छोटं उत्तर. मग गप्प! मास्तरांनी त्याला शंभरपैकी शंभर दिले.

*

विमलमावशी आमच्या शेजारच्या. मुलगा मास्तरांच्या वर्गात शिकून सिटिझन झाला आणि त्याने आईला बोलावून घेतलं. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे. आईवडिलांना कायमचं आणायचं असेल तर पोटचं मूलच सिटिझन असावं लागतं. ग्रीन कार्डावर आई आणता येत नाही. सुनेच्या सिटिझनशिपवर सासू तर नाहीच नाही.

तर विमलमावशी. इथे पाच वर्षं झाल्यावर त्याही वर्गाला आल्या. मास्तरांनी कोटाची बटणं लावून विचारलं, "हॅव यू एव्हर डेझर्टेड?"

"हो," मावशी म्हणाल्या. "श्रीखंड."

"मावशी, डेझर्ट नाही! सैन्यातून!"

"सैन्याला कसं पाठवणार बाबा, आंबेल ना."

चूक मास्तरांच्या उच्चाराची होती. त्यांनी ती मान्यही केली आणि फळ्यावर लिहिलं, 'हे क्रियापद आहे, पदार्थ नव्हे.' मग सैन्य सोडून पळून जाणं म्हणजे काय, ते मावशींना मराठीत नीट समजावलं.

खऱ्या इंटरव्ह्यूत ऑफिसरने साठी उलटलेल्या त्या नऊवारीतल्या बाईंना तोच प्रश्न विचारला. तिथे वय बघत नाहीत. मावशी ताठ बसल्या. "नो. आय नेव्हर रन अवे. आय स्टे टिल एंड. आय वॉश डिशेस ऑल्सो."

त्याने उभं राहून हात मिळवला म्हणे!

*

डॉक्टर सबनीस म्हणजे देवमाणूस. पेशाने सर्जन, पण घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बागेत सोडून येणार. 'देशासाठी शस्त्र हाती घ्याल का?' या प्रश्नावर ते अडून बसले. वर्गात पाऊण तास अहिंसेवर बोलले. चहा दोनदा झाला.

शेवटी मास्तर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही रोज हातात सुरी घेऊन माणसं कापता."

"ते बरं करायला!"

"मग तेच सांगा तिथे. बंदूक धरणार नाही, पण जखमी माणसाला टाके घालीन. धर्मश्रद्धेमुळे असेल तर कायद्यात तशी सोय आहे. पण मनात नसेल तर 'येस' म्हणू नका. सही तुमची आहे."

ही शेवटची दोन वाक्यं मास्तरांची खास. मनात नसेल तर म्हणू नका. सही तुमची आहे. आम्हाला घाई असायची, फॉर्म भरायचा, टाकायचा, मोकळं व्हायचं. मास्तर प्रत्येक ओळीवर थांबायचे. अरविंद वैतागायचा, पण घरी आल्यावर म्हणायचा, "यार, या माणसासमोर खोटं बोलायची सोयच नाही." मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस दुसऱ्यांच्या फॉर्मवर इतका थांबतो, म्हणजे स्वतःच्या फॉर्मवर कुठेतरी थांबलेला आहे.

असो. डॉक्टरांनी तिथे सगळं खरं सांगितलं. ऑफिसरने नोंद केली आणि सहज विचारलं, "उद्या खरंच युद्ध झालं तर तुम्ही काय कराल?"

डॉक्टर म्हणाले, "ओव्हरटाइम."

*

मास्तरांच्या हातून चाळीसेक माणसं सिटिझन झाली असतील. प्रत्येकाच्या शपथेला ते कोर्टात हजर असायचे. शेवटच्या बाकावर बसायचे, सगळ्यात आधी टाळी वाजवायचे. कुमुदची शपथ झाली तेव्हा तिचा कोट हातावर घेऊन उभे होते. कोर्टातल्या बाई म्हणाल्या, "सर, शपथ घेणाऱ्यांनी पुढे बसायचं."

"मी शपथवाला नाही," मास्तर म्हणाले. "मी पोचवायला येतो."

त्या दिवशी हसलो आम्ही. पण पार्टीत कोणीतरी विचारलंच, "मास्तर, तुमचा नंबर कधी?"

"पुढच्या वर्षी."

हे 'पुढच्या वर्षी' मी सात वर्षं ऐकलं. सगळ्यांच्या आधी आलेला माणूस, साठचं दशक सरता सरता ग्रीन कार्ड घेऊन उतरलेला, आणि अर्ज नाही! कोणी म्हणे इंडियन पासपोर्ट सोडवत नसेल. कोणी म्हणे आळस. आळस? हा माणूस पॉटलकच्या यादीलासुद्धा समास सोडायचा!

*

मास्तरांची आई नागपूरला एकटी राहायची. सगळे तिला जिजी म्हणत. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेली, धरमपेठेत दोन खोल्यांचा फ्लॅट. मास्तर एकुलते एक. एका सकाळी ती बाथरूममध्ये पडली. कामवाली आली तेव्हा कळलं. दोन तास फरशीवर होती. मास्तरांना बातमी मिळाली ती तिसऱ्या दिवशी, पोस्टातल्या फोनवरून, अर्धी ऐकू आली आणि अर्धी नाही.

त्यांनी तिला व्हिजिटर व्हिसासाठी मुंबईला पाठवलं. खिडकीमागच्या साहेबाने विचारलं, "मुलाला भेटून परत याल ना?"

विधवा बाई, एकुलता एक मुलगा अमेरिकेत, पाय नुकता प्लास्टरमधून निघालेला. कोणीही म्हणालं असतं, हो हो, येईन की!

जिजी म्हणाल्या, "तब्येत बघून सांगते."

व्हिसा नाकारला. मास्तरांनी हा किस्सा आम्हाला हसत हसत सांगितला, आणि मग चष्मा काढून खूप वेळ पुसला. कुमुद मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आईला आणायचा एकच रस्ता आहे. आता तरी सांग ना सगळ्यांना."

मास्तर फळा पुसायला गेले.

*

त्यांना बोलतं केलं ते नीलिमाने. नीलिमा त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली. अठरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या शाळेतली मुलं पोस्टात जाऊन सैन्यभरतीच्या यादीत नाव नोंदवत होती. भरती बंद होती, पण यादी चालू होती, आणि ती फक्त मुलग्यांची. नीलिमाही गेली. फॉर्म भरला, खिडकीवर सरकवला. खिडकीतली बाई म्हणाली, "ओन्ली बॉइज, हनी."

"व्हाय?"

"हनी, मी फक्त स्टॅम्प विकते!"

नीलिमा तणतणत घरी आली. दुसऱ्या दिवशी रविवार, वर्ग चालू होता, तरी तिचा राग उतरला नव्हता. ती तशीच बेसमेंटमध्ये उतरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "डॅड, डिड यू रजिस्टर?"

मास्तर म्हणाले, "हो."

"देन डिड दे कॉल यू?"

"हो."

"सो डिड यू गो?"

खोलीत कोणी चिवडासुद्धा चावला नाही. मास्तरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. वर शर्ट, खाली लेंगा, असे ते आमच्यासमोर उभे राहिले आणि वीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं.

तेव्हा ते चोवीस-पंचवीसचे. क्लीव्हलंडला नवी नोकरी, शरद नावाचा एक मराठी रूममेट. ग्रीन कार्डवाल्या तरुण माणसाला भरतीच्या यादीत नाव घालावं लागायचं, ते यांनी घातलं. एके दिवशी पत्र आलं, मंगळवारी तपासणीला हजर व्हा. व्हिएतनाम पेटलेलं. "मला भीती वाटली," मास्तर म्हणाले. "खोटं कशाला सांगू? मी रात्रीच्या रात्री अर्ज लिहिला. मी फॉरेनर आहे, मला एक्झेम्प्ट करा. हे दोन शब्द लिहिल्याचं पक्कं आठवतं. बाकी काय लिहिलं ते आठवत नाही. कॉपी ठेवली नाही."

"मग?" नीलिमाने विचारलं. चक्क मराठीत.

"मग तपासणीला बोलावलं त्या दिवशी गेलो. वजन केलं, डोळे बघितले, घरी पाठवलं. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. त्यावर शेरा होता, फोर-एफ. मला कळेना. शरद म्हणाला, अरे, एफ फॉर फॉरेनर! तुझा अर्ज पास झाला!"

परकीय म्हणून सूट मागितली आणि मिळाली. कायमचं म्हणजे कायमचं. आत्ता कुठे आम्हाला फळ्याची ती कोरी जागा पुसण्याचा अर्थ लागला. त्यांनी फोनवरून एका वकिलालाही विचारलं होतं. तो म्हणाला होता, तुम्ही म्हणता तसंच घडलं असेल तर अर्ज करूच नका.

अरविंद सगळ्यात आधी सावरला. "मास्तर, वीस वर्षं झाली. कोण बघतंय? सरळ 'नो' लिहा. जिजींसाठी लिहा!"

"चाळीस जणांना मी खरं लिहायला लावलं," मास्तर म्हणाले. "एक्केचाळिसावा मी."

"मग 'येस' लिही," कुमुद म्हणाली. "पण लिही तरी! न लिहिता बसलायस ते काय खरं उत्तर आहे?"

सात वर्षांत त्या वर्गात मास्तरांना कोणी नापास केलं असेल तर ते कुमुदने, त्या एका वाक्यात.

मास्तरांनी त्याच टेबलावर बसून फॉर्म भरला. नीलिमा शेजारी उभी होती. सूट मागितली होती का, या प्रश्नापुढे त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'येस.'

*

क्लीव्हलंडचं बोलावणं आलं तेव्हा आम्ही चौघं आमच्या गाडीने गेलो. अरविंद ड्राइव्ह करत होता. बर्फ वितळून रस्त्यावर नुसता चिखल झाला होता. कुमुदने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती, त्या डब्याला कोणी हात लावला नाही. आत जाताना मास्तर तिला म्हणाले, "नाही झालं तर मी जिजीकडे परत जाईन. तू आणि नीलू इथे राहा." तिने नुसता त्यांचा टाय सरळ केला. मला तिथे उभं राहवेना, मी खिडकीशी जाऊन पार्किंग लॉट बघत बसले.

आतलं मास्तरांच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

ऑफिसर वयस्कर होता, चालताना किंचित लंगडायचा. त्याने फॉर्म चाळला आणि त्या 'येस'वर बोट ठेवलं. "हे समजून लिहिलंत?"

"येस, सर."

"याचा परिणाम माहीत आहे?"

"येस, सर. मी हे शिकवतो."

ऑफिसरने त्यांच्याकडे बघितलं. मग मास्तरांची जाडजूड फाइल उघडली आणि तळातून एक कागद काढला. पिवळा पडलेला, निळ्या शाईतला. मास्तरांनी आपलं अक्षर लांबूनच ओळखलं. भरतीच्या ऑफिसने ते पत्र तेव्हाच इमिग्रेशनकडे पाठवून दिलं होतं, आणि ते वीस वर्षं त्या फाइलमध्ये पडून होतं.

ऑफिसरने ते मोठ्याने वाचलं. "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट आय ॲम इन रिसीट ऑफ युअर एस्टीम्ड लेटर. बीइंग अ फॉरेनर, आय डू नॉट नो द रोड टु युअर ऑफिस. काइंडली एक्झेम्प्ट मी फ्रॉम कमिंग ऑन ट्यूसडे. आय ॲम रेडी टु कम ऑन एनी अदर डे. काइंडली टेल मी व्हिच बस टु टेक, अँड ऑब्लाइज."

मास्तर म्हणतात, त्यांना आधी वाटलं हे दुसऱ्याच कोणाचं पत्र आहे!

"मिस्टर टिळेकर," ऑफिसर म्हणाला, "यात तुम्ही सैन्यातून सूट कुठे मागितली आहे? तुम्ही मंगळवारातून सूट मागितली आहे."

"पण सर, माझं कार्ड. फोर-एफ. एफ फॉर फॉरेनर."

"हे कोणी सांगितलं?"

"माझ्या रूममेटने."

ऑफिसरने चष्मा काढला, नाकाचं हाड चोळलं, पुन्हा चष्मा लावला. "सूट मिळालेल्या परकीयांचा शेरा फोर-सी असायचा. फोर-एफ म्हणजे शारीरिकदृष्ट्या अपात्र. इथे लिहिलंय. तुमचं वजन अठ्ठ्याण्णव पौंड होतं. आर्मीला तुम्ही नको होतात, सर!"

मास्तर गप्प. या वेळी खरोखरच गप्प.

ऑफिसरने तो कागद जपून फाइलवर ठेवला. "त्या वर्षांत मी गणवेशात होतो," तो म्हणाला. "तेव्हा जो तो बाहेर पडायचा रस्ता विचारत होता. आत यायचा रस्ता विचारणारा मी पहिल्यांदा बघतोय."

मग त्याने फॉर्म फिरवून मास्तरांपुढे ठेवला. "आता हे 'येस' खोडा, 'नो' लिहा आणि शेजारी सही करा."

मास्तरांनी पेन उचललं, आणि थांबले. "सर, खाडाखोड चालते?"

*

आम्ही बाहेर बाकावर. दार उघडलं आणि मास्तर आले. चेहऱ्यावरून काहीच कळेना. कुमुद उभी राहिली, डबा तिच्या मांडीवरून घरंगळला. मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि त्या भरल्या वेटिंग रूममध्ये, वीस देशांच्या माणसांसमोर, मराठीत ओरडले, "कुमुद! मी अशक्त होतो!"

ती रडायला लागली. मीही. अरविंदने पुऱ्या गोळा केल्या आणि शेजारच्या एका आजोबांना दिल्या. वजनाचं म्हणाल तर कुमुदला लग्नाआधी मास्तरांनी पत्रात लिहिलं होतं, 'प्रकृती उत्तम.' ते एक खोटं त्यांच्या नावावर आहे, असं ती अजून सगळ्यांना सांगते.

शपथेच्या दिवशी शेवटचं बाक आम्ही चाळीस जणांनी भरून टाकलं, म्हणजे मागची चार बाकं. डॉक्टर सबनीस ऑपरेशन पुढे ढकलून आले. विमलमावशींनी श्रीखंड आणलं, आणि दारातल्या गार्डला ते काय आहे हे समजावताना 'डेझर्ट, डेझर्ट' म्हणून पुन्हा घोळ घातला. मास्तरांचं नाव पुकारलं तेव्हा नीलिमाने सगळ्यात आधी टाळी वाजवली. मी त्या माणसाकडे बघत होते. एक शब्द बदलला असता तर सात वर्षांपूर्वीच मोकळा झाला असता, आणि याने तो बदलला नाही. असा माणूस मला ओळखतो, माझ्या घरी चहाला येतो, याचं मला तेव्हा फार वाटलं. अजून वाटतं.

*

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी आईसाठी कागद पाठवले. शिवाय जिजींना लांबलचक पत्र लिहिलं. वीस वर्षांत न सांगितलेलं सगळं सांगितलं. भीती, अर्ज, शरद, फोर-एफ, आणि सात वर्षांचं 'पुढच्या वर्षी'. ऑफिसरकडून त्या जुन्या अर्जाची फोटोकॉपी मागून घेतली होती, तीही सोबत जोडली. पत्र टाकल्यावर मात्र धास्तावले. "तिला वाटेल, मुलगा घाबरट निघाला."

पाच आठवड्यांनी नागपूरहून पाकीट आलं. रविवार नव्हता, तरी मास्तरांनी आम्हाला बोलावून घेतलं. बेसमेंटमध्ये टेबलावर पाकीट ठेवलं आणि कुमुदला म्हणाले, "तू उघड."

आत पत्र नव्हतं. अर्जाची तीच फोटोकॉपी परत आली होती. तिच्यावर लाल शाईने, शिक्षिकेच्या अक्षरात, 'एक्झेम्प्ट' खोडून वर 'एक्स्क्यूज' लिहिलं होतं. 'एनी अदर डे'खाली दोन रेघा मारल्या होत्या. समासात दहापैकी नऊ गुण. आणि तळाला शेरा :

'अक्षर सुवाच्य. शब्द चुकला, अर्थ बरोबर. बसचा नंबर मलाही कळवणे. बॅग भरायला घेतली आहे.'